गेन्शिन इम्पॅक्ट नवीन सुरू केलंय? इव्हेंट कसे खेळायचे आणि शॉपमधल्या किमती कशा वाचायच्या

गेन्शिन इम्पॅक्ट फुकट आहे. २८ सप्टेंबर २०२० ला आला तेव्हापासून फुकटच आहे आणि एक रुपया न घालता सगळी स्टोरी, सगळा मॅप खेळता येतो, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कारण नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात शॉप उघडतो, तिथे चार-पाच प्रकारची नाणी, क्रिस्टल, तारे बघून गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस समोर जे चमकतंय ते घेऊन मोकळा होतो. मला हा गेम मनापासून आवडतो, रोज खेळतो, आणि म्हणूनच वाटतं की नवीन येणाऱ्याने तो घाईत महाग करून घेऊ नये. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: शॉपमधली किंमत रुपयात वाचायची नाही, विशमध्ये वाचायची (विश म्हणजे कॅरेक्टर किंवा शस्त्र मिळवायला नशिबावर काढलेली एक चिठ्ठी). एवढी सवय लागली की निम्म्याहून जास्त पॅक बघताक्षणी महाग दिसायला लागतात.

पायरी १: आधी नाणी ओळखा

पैसे दिले की मिळतात जेनेसिस क्रिस्टल. एका क्रिस्टलचा एक प्रिमोजेम होतो (प्रिमोजेमचा परत क्रिस्टल होत नाही). १६० प्रिमोजेम दिले की एक फेट मिळतो, आणि एक फेट म्हणजे एक विश, ज्याला सगळे पुल म्हणतात. फेट दोन प्रकारचे आहेत. निळा तो अक्वेंट फेट, तो स्टँडर्ड बॅनरवर (बॅनर म्हणजे जिथे विश करायची ते पान) चालतो, जो वर्षभर उघडाच असतो. गुलाबी-जांभळा तो इंटरट्वाइन्ड फेट, तो इव्हेंट बॅनरवर चालतो, जिथे मर्यादित काळासाठी नवीन कॅरेक्टर येतात.

प्रिमोजेमने निळा फेट कधीही घ्यायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. निळे फेट लेव्हल वाढली की मिळतात, बॅटल पासच्या (खेळत गेलं की लेव्हलनुसार बक्षिसं देणारी यादी) फुकट भागात मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. तुमचे सगळे प्रिमोजेम इव्हेंट बॅनरसाठीच राखून ठेवा. याला अपवाद एकच, सुरुवातीचा बिगिनर बॅनर, तिथे १० विश ८ फेटमध्ये पडतात आणि पहिल्या दहात नोएल नावाचं कॅरेक्टर नक्की मिळतं, ते करून टाका, पण त्यालाही निळेच फेट लागतात आणि ते खेळता खेळता जमतातच, त्यामुळे तिथेही प्रिमो खर्च करायची गरज पडत नाही.

एवढी नाणी बघून चक्रावलात तर चूक तुमची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या गेमच्या कंपनीसोबत २ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यात त्यांचा एक आक्षेप हाच होता की एकातून दुसऱ्यात बदलत जाणाऱ्या या नाण्यांमुळे एका कॅरेक्टरला खरे पैसे किती लागतात ते खेळणाऱ्याला, खास करून मुलांना, कळतच नाही. १६ वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या परवानगीशिवाय लूट बॉक्स (विशसारखी नशिबावर चालणारी खरेदी) विकायचे नाहीत अशी अटही त्यात आहे. म्हणून हे गणित आपण स्वतः करायचं.

पायरी २: पिटी समजल्याशिवाय एकही विश करू नका

विशच्या पानावर खाली डिटेल्सचं बटण असतं, तिथे सगळे आकडे कंपनीनेच लिहिलेले आहेत, फक्त कोणी उघडत नाही. कॅरेक्टर इव्हेंट बॅनरवर एका विशला फाइव्ह स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ दर्जाचं कॅरेक्टर, यायची शक्यता ०.६ टक्के. म्हणजे दहा विश केलेत तर फाइव्ह स्टार यायची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास, पन्नास केलेत तरी साधारण २६ टक्के. त्यामुळे 'आज दहाच पुल करून बघतो, लक ट्राय करतो' हे वाक्य मनातून काढून टाका.

वाचवणारी गोष्ट म्हणजे पिटी. ९० व्या विशला फाइव्ह स्टार येतोच. प्रत्यक्षात ७४ व्या विशपासून शक्यता झपाट्याने वाढत जाते, त्याला सॉफ्ट पिटी म्हणतात, आणि बहुतेकांना फाइव्ह स्टार तिथेच, पंचाहत्तर ते ऐंशीच्या आसपास मिळतो. पण आलेला फाइव्ह स्टार बॅनरवरचाच असेल असं नाही, तिथे फिफ्टी-फिफ्टी आहे. हरलात तर स्टँडर्डमधला कोणीतरी येतो, आणि मग पुढचा फाइव्ह स्टार मात्र बॅनरवरचाच येणार ही गॅरंटी. ऑगस्ट २०२४ च्या ५.० व्हर्जनपासून या फिफ्टी-फिफ्टीत खेळणाऱ्याच्या बाजूने थोडी भर पडलीये, पण प्लॅन करताना ती धरू नका.

तर मग प्लॅनचा आकडा काय? नशीब सगळ्यात वाईट निघालं तर ९० अधिक ९० म्हणजे १८० विश, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. एखादं कॅरेक्टर खरंच हवं असेल तर मोजमाप हेच. जवळ तेवढे आहेत का? नाहीत? मग थांबा. इथे एक दिलासा आहे, तुमची पिटी आणि गॅरंटी एका कॅरेक्टर बॅनरवरून पुढच्या कॅरेक्टर बॅनरवर तशीच जाते, बॅनर संपला म्हणून वाया जात नाही. वेपन बॅनरची पिटी वेगळी, स्टँडर्डची वेगळी, त्या एकमेकांत मिसळत नाहीत. तुम्ही किती विशवर आहात ते डिटेल्सच्या शेजारी हिस्ट्रीत मोजता येतं, शेवटच्या फाइव्ह स्टारनंतर किती ओळी आहेत तेवढी तुमची पिटी.

वेपन बॅनर नवीन माणसाने सोडून द्यावा. तिथे पिटी ८० ची आहे, आकड्याने बरी दिसते, पण शस्त्राला हात तरी असले पाहिजेत, आधी टीम उभी करा.

पायरी ३: इव्हेंट, जिथे खरी कमाई आहे

गेम ४२ दिवसांच्या व्हर्जनवर चालतो, सगळे त्याला पॅच म्हणतात. प्रत्येक पॅचमध्ये बॅनरचे दोन टप्पे असतात, साधारण तीन-तीन आठवड्यांचे, आणि एक मोठा इव्हेंट अधिक दोन-तीन छोटे. छोट्या इव्हेंटला बहुतेक वेळा ४२० प्रिमोजेम असतात. मोठ्याला त्याच्या दुपटीहून जास्त, हजाराच्या आसपास. म्हणजे एका पॅचच्या इव्हेंटमधूनच दोन हजार प्रिमो सहज निघतात, आणि ते फक्त वेळ देऊन.

इव्हेंटचं पान उघडलं की लगेच 'गो' दाबू नका, आधी तीन गोष्टी वाचा.

पहिली, संपायची वेळ. ही वेळ सर्व्हरची असते आणि इथे आपल्याकडचे लोक हमखास फसतात. भारतातले बरेच जण एशिया सर्व्हरवर खेळतात, तो आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पानावर लिहिलेलं असतं की इव्हेंट अमुक तारखेला ३:५९ ला संपेल. तुम्हाला वाटतं पहाटेपर्यंत वेळ आहे, पण आपल्याकडे तो रात्री १:२९ ला बंद झालेला असतो. रोजचं रिसेट पण तसंच, एशियावर पहाटे ४ म्हणजे आपल्याकडे रात्री दीड. युरोप सर्व्हरवर असाल तर तेच रिसेट आपल्याकडे सकाळी साडेआठला होतं. दुबई, लंडन, न्यू जर्सी, जिथे असाल तिथलं गणित एकदा करून फोनमध्ये अलार्म लावून टाका. आणि शेवटच्या रात्रीवर काही ठेवूच नका, दोन दिवस आधी संपवा.

दुसरी, अट. इव्हेंटला ठरावीक अ‍ॅडव्हेंचर रँक (तुमच्या अकाउंटची लेव्हल) लागतो, शिवाय कधी कधी मेन स्टोरीचा अमुक भाग पूर्ण झालेला लागतो. तुम्ही तिथे पोचला नसाल तर बऱ्याच इव्हेंटला क्विक स्टार्टची सोय असते, ती दाबली की स्टोरी न करता थेट इव्हेंट खेळता येतो. गोष्टीतलं थोडंफार आधी कळतं, ते खटकतं हे मान्य, पण बक्षिसं परत येत नाहीत. ज्याला स्टोरी जपायची आहे त्याने संवाद स्किप करून फक्त खेळाचा भाग खेळावा.

तिसरी, इव्हेंटचं स्वतःचं दुकान आहे का. मोठ्या इव्हेंटला असतं, आणि त्याची बंद व्हायची तारीख कधी कधी इव्हेंटपेक्षा वेगळी असते, दोन्ही बघा. दुकानात इव्हेंटचंच नाणं चालतं आणि तिथे काय आधी घ्यायचं याचा क्रम ठरलेला ठेवा. प्रिमोजेम असतील तर ते पहिले. मग क्राउन ऑफ इनसाइट, कारण तो रोजच्या खेळात कुठेही फार्म करता येत नाही, इव्हेंटमधून आणि प्रत्येक प्रदेशातल्या अर्पणाच्या जागांमधूनच मिळतो, टॅलेंट, म्हणजे कॅरेक्टरची कौशल्यं, शेवटच्या लेव्हलला न्यायला तोच लागतो. मग इव्हेंटचं शस्त्र असेल तर ते वाढवायचं सामान, कारण ते नंतर मिळणारच नाही. मग टॅलेंटची पुस्तकं, शस्त्र वाढवायचं ओर. मोरा, म्हणजे गेममधला साधा पैसा, सगळ्यात शेवटी. मी बघतो की नवीन पोरं उलट करतात, मोरा कमी पडतोय म्हणून आधी मोरा उचलतात आणि शेवटच्या दिवशी क्राउनला नाणी कमी पडतात. मोरा लेलाइनमधून (मॅपवरची लढून बक्षीस घ्यायची जागा) कधीही मिळतो.

इव्हेंटमध्ये कठीण पातळी बघून घाबरू नका. प्रिमोजेम बहुतेक वेळा सोप्या किंवा मधल्या पातळीवरच हाती लागतात, वरच्या स्कोअरला साहित्य असतं. आणि क्लेम करायला विसरू नका, स्टेज जिंकलं म्हणजे बक्षीस आलं असं नाही, प्रत्येक ठिकाणी हाताने दाबून घ्यावं लागतं, लाल ठिपका दिसतोय तोपर्यंत काहीतरी बाकी आहे असं समजा.

इव्हेंटला 'पुढच्या वेळी बघू' म्हटलं तर काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. जानेवारी २०२२ च्या २.४ व्हर्जनमध्ये लँटर्न राइटच्या इव्हेंटमध्ये निंगग्वांग या कॅरेक्टरचा नवीन पोशाख खेळणाऱ्यांना फुकट मिळाला. इव्हेंट संपल्यावर तोच पोशाख शॉपमध्ये १,६८० जेनेसिस क्रिस्टलला. आणि पोशाखाला क्रिस्टलच लागतात, साठवलेले प्रिमोजेम चालत नाहीत, म्हणजे सरळ खिशातूनच. लँटर्न राइट दरवर्षी चिनी नववर्षाच्या सुमारास येतो, लियुए या प्रदेशातलं एक फोर स्टार कॅरेक्टर निवडून घ्यायची संधी त्यात बहुतेक वेळा असते, आणि नुसतं सात दिवस लॉगिन केलं तरी दहा इंटरट्वाइन्ड फेट मिळत आलेत, तेव्हा त्या दिवसांत गेम बंद ठेवू नका.

वर्धापनदिनाचंही तसंच. पहिल्या वर्धापनदिनाला, सप्टेंबर २०२१ मध्ये, कंपनीने इतकं कमी दिलं की जगभरचे खेळणारे भडकले, प्ले स्टोअरवर एक-एक स्टारच्या रिव्ह्यूचा पाऊस पडला, मग कंपनीने चार दिवस ४००-४०० असे १,६०० प्रिमोजेम गेममधल्या मेलने पाठवले. आज सप्टेंबरच्या शेवटी जे मिळतं ते त्या लोकांच्या आवाजामुळे मिळतं असं मी मानतो. मेल उघडून घ्या, ठरावीक दिवसांनी ते आपोआप जातात.

पायरी ४: इव्हेंटशिवाय रोजचं फुकटातलं

रोजची चार कमिशन (छोटी कामं), ६० प्रिमोजेम. ४२ दिवसांचे २,५२०. कमिशन करायचा कंटाळा आला तर एन्काउंटर पॉइंटनेही (क्वेस्ट, पेट्या वगैरे केल्यावर मिळणारे गुण) तेच मिळतात. नवीन व्हर्जन आलं की मेंटेनन्सचे ६०० मेलमध्ये. त्याआधीच्या लाइव्हस्ट्रीममध्ये तीन कोड येतात, प्रत्येकी १००, ते एखाद-दुसऱ्या दिवसात एक्स्पायर होतात म्हणून त्याच रात्री टाका. होयोलॅबवर (कंपनीचं अ‍ॅप आणि साइट) रोज चेक-इन केलं तर महिन्याला आणखी ६०. पायमनच्या दुकानात दर महिन्याला स्टारडस्टवर (विश केल्यावर सोबत मिळणारं नाणं, स्टारग्लिटरही तसंच) पाच इंटरट्वाइन्ड फेट, प्रत्येकी ७५ स्टारडस्ट, एक तारखेला परत भरतात. स्टारग्लिटर वेगळं, ते जपून ठेवा, पाचाला एक फेट पडतो, त्यावर दुसरं काही घेऊ नका.

इव्हेंटचे दोन हजार धरले तर पॅचला साडेपाच हजारांच्या आसपास प्रिमो, म्हणजे साधारण ३५ विश, स्टारडस्टचे वेगळे, स्पायरल अबिस आणि इमॅजिनेरियम थिएटर हे लढाईचे कठीण प्रकार जमायला लागले की त्यांचे वेगळे. आणि तुम्ही नवीन असल्यामुळे तुमच्याकडे आमच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे, न उघडलेला मॅप. पेट्या, पुतळे, अचिव्हमेंट, स्टोरी क्वेस्ट या सगळ्यात हजारो प्रिमो पडून आहेत. पहिले दोन-तीन महिने पैशाची गरजच पडू नये इतके.

एक खर्च मात्र टाळा, रेझिन, म्हणजे बॉस, लेलाइन वगैरेंचं बक्षीस घ्यायला लागणारी ऊर्जा. दर आठ मिनिटांना एक रेझिन भरतं, कमाल २००. ते संपलं की गेम विचारतो ५० प्रिमोजेम देऊन ६० रेझिन घेता का. नाही म्हणा आणि झोपा, आठ तासांत तेवढं ६० रेझिन आपोआप भरतं.

पायरी ५: शॉप उघडलंच, तर

किमती डॉलरमध्ये सांगतो कारण त्या मूळच्या आहेत, रुपयातली किंमत तुमच्या प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवर दिसेल ती धरा. सूत्र एकच: किंमत भागिले क्रिस्टल, गुणिले १६०. आलेला आकडा म्हणजे एका विशची किंमत.

सगळ्यात छोटं पॅक ०.९९ डॉलरला ६० क्रिस्टल. माझ्या भाच्याने हेच विचारलं होतं, "मामा, हे छोटंवालं घेऊ का, स्वस्त आहे ना?" मी म्हटलं, "अरे, ६० मध्ये विश किती होतात ते सांग." त्याने थोडा वेळ आकडा बघितला आणि म्हणाला, "एकपण नाही." पहिल्या खरेदीला दुप्पट मिळतात ते धरले तरी १२०, तरीही एकपण नाही. म्हणजे हे पॅक अशाच मापाचं आहे की तुम्हाला परत शॉपमध्ये यावं लागेल. हिशोबाने एका विशला २.६४ डॉलर.

सगळ्यात मोठं पॅक ९९.९९ डॉलरला ६,४८० अधिक बोनस १,६००, म्हणजे ८,०८० क्रिस्टल, ५० विश. एका विशला जवळपास दोन डॉलर. लक्षात घ्या, शंभर डॉलर घालून ५० विश, आणि पिटी ९० ला आहे. सगळ्यात वाईट नशिबाचे २८,८०० प्रिमोजेम याच पॅकने भरायचे म्हटले तर अशी चार पॅक लागतात. चारशे डॉलर, एका कॅरेक्टरला! पहिल्या खरेदीच्या दुपटीत याच पॅकचे १२,९६० होतात, ८१ विश, एका विशला १.२३ डॉलर, ते बरं आहे, पण ती सवलत प्रत्येक पॅकला एकदाच, आणि परत मिळाली तर वर्धापनदिनाच्या आसपास वगैरे मिळते.

बॅटल पासचं पैशाचं पान ९.९९ डॉलर, त्यात ६८० प्रिमोजेम, चार इंटरट्वाइन्ड फेट, एक फोर स्टार शस्त्र आणि भरपूर साहित्य. विशच्या हिशोबाने सव्वाआठ, एका विशला १.२१ डॉलर, साहित्य वेगळं. हा घ्यायचा असेल तर पॅचच्या सुरुवातीला घेऊ नका. फुकटच खेळत राहा, ५० लेव्हल झाली की शेवटच्या आठवड्यात घ्या, मागची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. लेव्हल झाली नाही तर पैसे वाचले.

आणि वेल्किन मून. ४.९९ डॉलर, लगेच ३०० क्रिस्टल, मग ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम. एकूण ३,०००, म्हणजे पावणेएकोणीस विश, एका विशला २७ सेंट. मोठ्या पॅकच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. गेममध्ये एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर ही, यावर माझं दुमत नाही. पण कमी किमतीच्या बदल्यात कंपनी तुमचा रोजचा लॉगिन घेते, ज्या दिवशी आला नाहीत त्या दिवसाचे ९० गेले, भरून मिळत नाहीत. परीक्षा तोंडावर असेल, गणपतीला गावी जायचं असेल आणि तिथे नेटची बोंब असेल तर त्या महिन्यात घेऊ नका. आणि अगदी सुरुवातीलाही घेऊ नका, महिनाभर फुकट खेळा, गेम टिकतोय का बघा, मग ठरवा.

होंकाई स्टार रेल खेळणार असाल तर तिथेही १६० चा एक पुल, ९० ची पिटी आणि वेल्किनसारखाच ४.९९ डॉलरचा पास आहे, हिशोब तसाच्या तसा लागू होतो. दुसऱ्या कंपन्यांच्या गाचा (अशाच नशिबाच्या पुलवर चालणाऱ्या) गेममध्ये पिटी शंभर-दोनशेच्या पुढेही असू शकते, काहीत पुढच्या बॅनरवर जातही नाही, तेव्हा तिथे आधी डिटेल्सचं पान वाचा आणि सूत्रात १६० च्या जागी तिथला आकडा टाका.

पायरी ६: पैसे देताना

खरेदी गेममधून किंवा कंपनीच्या अधिकृत टॉप-अप पानावरूनच. टेलिग्राम, इन्स्टावर 'अर्ध्या किमतीत क्रिस्टल' देणारे भेटतील, ते चोरीच्या कार्डाने भरतात किंवा नंतर रिफंड मागतात, क्रिस्टल मायनसमध्ये जातात आणि अकाउंट तुमचं अडकतं. यूआयडी (तुमच्या अकाउंटचा नंबर) सांगायला हरकत नाही, पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही, अगदी 'फक्त लॉगिन करून टाकतो' म्हटलं तरी.

घरातलं मूल तुमच्या फोनवर खेळत असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावून ठेवा, आयफोनवर फॅमिली शेअरिंगमध्ये आस्क टू बाय चालू करा. त्याला रागवायच्या आधी हे करा.

पैसे कापले गेले आणि क्रिस्टल आले नाहीत असं झालं तर लगेच बँकेत तक्रार टाकू नका, त्याने अकाउंटवर कारवाई होऊ शकते. आधी गेम बंद करून परत उघडा आणि मेल बघा. तरीही आले नसतील तर प्ले स्टोअरच्या पावतीवरचा जीपीएने सुरू होणारा ऑर्डर नंबर, तुमचा यूआयडी आणि पावतीचा स्क्रीनशॉट एवढं घेऊन गेमच्या कस्टमर सर्व्हिसला लिहा.